निलगिरीचा फुलोरा आणि अत्ताराची पेटी

गडहिंग्लज तालुक्यातले नेसरी म्हटले की महाराष्ट्राला एकच दिवस आठवतो, 24 फेब्रुवारी 1674. आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेवर सरनोबत प्रतापराव गुजर सहा सोबत्यांनिशी तुटून पडले आणि सातही जण कामी आले. त्या शौर्याला आमचा सलाम आहेच. पण गावाचा इतिहास एका दिवसाचा नसतो. लढाईच्या आधीही तिथे बाजार भरत होता, नंतरही भरला. आणि आमच्या मुलुखात बाजार म्हटला की अत्तार आलाच.

अत्ताराची पेटी आमच्या पिढीने पाहिली आहे. तीत एका बाजूला हीना, खस, गुलाब, मोगरा यांच्या बारीक कुप्या. दुसऱ्या बाजूला बुक्का, अष्टगंध, कुंकू, उदबत्ती, लोबान. उरुसाच्या संदलला लागणारे सामान तिथेच आणि जत्रेला लागणारेही तिथेच. लग्नात पाहुण्यांच्या मनगटाला लावायचे अत्तर आणि शिंपडायचे गुलाबपाणी हिंदूंच्या मांडवात जाई तसे आमच्याही मांडवात येई. याच पेटीच्या कोपऱ्यात एक कुपी असे, निलगिरीच्या तेलाची. सर्दी-पडशाला रुमालावर चार थेंब टाकायचे. सुगंधांच्या रांगेत हे औषध का, असा प्रश्न आम्हाला लहानपणी पडत असे.

त्याचे उत्तर ‘अत्तार’ या शब्दातच आहे. अरबी ‘इत्र’ म्हणजे सुगंध. अत्तार म्हणजे तो विकणारा, आणि औषधी विकणाराही. निशापूरचे सूफी कवी फरीदुद्दीन यांना ‘अत्तार’ हे नाव याच व्यवसायावरून मिळाले. नवव्या शतकात अल्-किंदी यांनी सुगंध आणि ऊर्ध्वपातन यांवर ग्रंथ लिहिला, त्यात शंभरावर कृती आहेत. तीच विद्या दख्खनला आली. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या (कारकीर्द 1580 ते 1627) काळात ‘इत्र-ए-नौरसशाही’ हा केवळ सुगंधांना वाहिलेला फारसी ग्रंथ सिद्ध झाला. बहलोलखान ज्या विजापूर दरबारचा सरदार, त्याच दरबारची ही दुसरी ओळख. शाळेच्या पुस्तकात आम्हाला पहिली भेटली, दुसरी कोणी सांगितली नाही.

त्या ग्रंथात निलगिरी असण्याचा संभव नव्हता. हे झाड ऑस्ट्रेलियाचे. 1788 मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए यांनी त्याला ‘युकॅलिप्टस’ नाव दिले. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘नीट झाकलेले’. हे नाव त्याच्या फुलाचे आहे. कळीवर टोपीसारखे झाकण असते. ते गळाले की आतून पुंकेसरांचा झुबका उमलतो. दिसायला वेगळ्या पाकळ्या नसतातच. मधमाशा त्या फुलोऱ्यावर तुटून पडतात, त्याचा मधही निघतो.

मग या फुलाचे अत्तर का नाही? व्यापारात येते ते तेल पानांचे. पानांत तैलग्रंथी असतात; शंभर किलो ताज्या पानांतून साधारण एक-दोन किलो तेल निघते. याउलट गुलाबाचे एक किलो तेल काढायला तीन-चार हजार किलो फुले लागतात. पान इतके उदार असताना फुलाला हात कोण लावणार! या तेलातला मुख्य घटक सिनिओल. 1870 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ क्लोएझ यांनी त्याला ‘युकॅलिप्टॉल’ म्हटले. त्याचा वास कापराच्या जातीचा, थंड. मय्यतीच्या गुस्लात कापूर वापरणाऱ्या आम्हा लोकांना हा वास शृंगाराचा वाटत नाही यात नवल नाही.

पण याच कुळातली लिंबाच्या वासाची निलगिरी, सिट्रिओडोरा, हिने सुगंधाच्या धंद्यात मानाची जागा मिळवली. तिच्या पानांच्या तेलात सिट्रोनेलॉल नव्हे, तर सिट्रोनेलाल भरपूर असते. ते साबणात जाते आणि त्यापासून हायड्रॉक्सिसिट्रोनेलाल बनवतात, ज्याला ‘लिली ऑफ द व्हॅली’च्या फुलासारखा वास येतो. म्हणजे निलगिरीचे पान दुसऱ्याच फुलाचा गंध होऊन बाटलीत शिरले. तिचे स्वतःचे फूल मधमाशांपाशीच राहिले.

आता नावाची गोष्ट. हे झाड हिंदुस्थानात पहिल्यांदा लागले ते 1790 च्या सुमारास, टिपू सुलतानच्या नंदी टेकडीवरील बागेत. वनशास्त्राच्या पुस्तकांत ही नोंद आहे. हैदरअलीने 1760 मध्ये बंगळुरूला लालबागेचा पाया घातला, त्याच बापाचा हा बागवेडा मुलगा. इंग्रजांनी निलगिरी पर्वतावर हे झाड लावले ते 1843 पासून, पुढे मुख्यतः जळणासाठी. उटकमंडला पानांपासून तेल काढण्याचा घरगुती धंदा वाढला, तेल गावोगाव पोचले आणि मराठीने झाडाला तेलाच्या गावचे नाव दिले. मैदानी मुलुखात पुढे पसरलेल्या ‘म्हैसूर गम’ या वाणाचे मूळ मात्र नंदीच्या झाडांकडे जाते. कुपी निलगिरीची, पण रस्त्याकडेचे झाड बहुधा नंदीचे. लोकभाषेने हे मुद्दाम केले नाही. तिने जे पाहिले त्याचे नाव ठेवले. विसर असाही पडतो.

यात आम्हाला अतिशयोक्ती नको. टिपूने हे झाड अत्तरासाठी लावले असे म्हणायला आधार नाही. झाडाचे सगळे गुणही गाऊ नयेत. ते जमिनीतले पाणी ओढते अशी शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे आणि कर्नाटक सरकारने 2017 मध्ये नव्या लागवडीवर बंदी घातली. त्या झाडाचा निवाडा पाण्याच्या हिशेबानेच व्हावा. ते कोणी आणले यावरून नको. हाच न्याय आम्ही इतिहासाला मागतो. कोण कुठून आला एवढेच विचारू नका, त्याने इथे काय केले, काय विकले, काय शिकवले तेही विचारा.

आज अत्तार हे पुष्कळ घरांत केवळ आडनाव उरले आहे. मुले नोकरीत गेली, याचा आम्हाला आनंदच आहे. पण कोणती कुपी कोणत्या ऋतूत उघडायची, बुक्क्यात काय पडते, कोणत्या यात्रेला किती माल न्यायचा, हे जाणणारी माणसे थोडी राहिली आहेत. लढायांच्या बखरी झाल्या. या पेटीची बखर कोणी लिहिलेली नाही. ज्यांच्या घरात ती अजून माळ्यावर असेल त्यांनी ती खाली काढावी, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून एकेका कुपीचे नाव विचारून लिहून घ्यावे. हे काम आमचेच आहे. दुसरे कोणी येऊन करणार नाही.