गळलेल्या पानाची जबानी

मी कविता लिहितो आणि गॅलरीत कुंड्या सांभाळतो. लोकांचे फोन येतात ते या दुसऱ्या उद्योगामुळे. ‘‘घरातल्या फायकसची पानं गळताहेत, काय फवारू?’’ हा ठरलेला प्रश्न. फवारण्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा असं मला वाटतं. बिघडलंय ते झाडाचं की घराचं? जवळजवळ दोनशे वर्षं माणसं हा प्रश्न सोडवत आली आहेत, आणि ती हकिगत मोठी रंजक आहे.

फायकस आपल्याला परका नाही. वड, पिंपळ, उंबर, अंजीर यांच्याच गोतावळ्यातला तो. दिवाणखान्यात दिसणारं जाड, चकचकीत पानांचं रबराचं झाड तर आपल्या ईशान्येचं. मेघालयात खासी लोक त्याच्या जिवंत मुळांचे पूल विणतात. १८१० च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात विल्यम रॉक्सबर्ग यांच्याकडे सिल्हेटहून मधानं भरलेली एक टोपली आली. मध गळू नये म्हणून तिला आतून याच झाडाचा चीक फासला होता. रॉक्सबर्गनी त्यावरून झाडाचा माग काढला. पुढे हे झाड युरोपातल्या बैठकीच्या खोल्यांत जाऊन बसलं.

पण त्या खोल्यांतली हवा कशी होती? लंडनमध्ये डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांच्या अंगणातली नेची कोळशाच्या धुरानं मरत. १८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा एक कोश ओलसर मातीत घालून बाटलीत बंद केला. कोशाचं राहिलं बाजूला, मातीतून नेचं आणि गवत उगवलं. बाहेर मरणारं नेचं बाटलीत जगलं, म्हणजे दोष हवेचा. एरवी पाणी, माती आणि माळी यांनाच बोल लावणाऱ्या जगात ही उलटतपासणी मोलाची होती.

मग आला कोळशापासून काढलेला दिव्याचा गॅस. तो घराघरांत शिरला आणि कुंडीतल्या रोपांची पानं पिवळी पडून गळू लागली. टिकून राहिलं ते अ‍ॅस्पिडिस्ट्रासारखं एखादं चिवट झाड. जर्मनीतही रस्त्याखालच्या फुटक्या नळांजवळची झाडं पानं टाकत असल्याची नोंद १८६४ मध्ये झाली. गॅस विषारी हे कळलं, पण त्यातलं नेमकं काय?

उत्तर सापडलं सेंट पीटर्सबर्गला. दिमित्री नेल्युबोव्ह हा तरुण प्रयोगशाळेतल्या अंधारात वाटाण्याची रोपं वाढवत होता. ती सरळ वर जाण्याऐवजी आखूड, जाड होऊन आडवी पसरत. बाहेरची ताजी हवा दिली की सरळ होत. मग त्यानं दिव्याच्या गॅसमधले घटक एकेक करून तपासले आणि १९०१ मध्ये गुन्हेगाराचं नाव जाहीर केलं: इथिलीन. हवेच्या दहा लाख भागांत एक भागाहूनही कमी असलं तरी रोपाला ते जाणवतं. पुढे काही काचघरवाले तर गळती ओळखण्यासाठी टोमॅटोची रोपं ठेवू लागले. पानं खाली वळली की नळ तपासायचा. त्याच गॅसमध्ये माणसाला मारणारा कार्बन मोनॉक्साइडही असे, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या वळलेल्या पानाचं मोल कळतं.

खरी गंमत पुढेच आहे. १९३४ मध्ये रिचर्ड गेन यांनी दाखवून दिलं, की पिकणारं सफरचंद स्वतःच इथिलीन सोडतं. ज्याला विष म्हटलं ती झाडाची स्वतःचीच बोली निघाली! आपल्या आंब्याच्या अढीत हाच वायू कोंडला जातो. प्राचीन इजिप्तमध्ये उंबराच्याच जातभाईच्या फळांना चिरा पाडत आणि ती चार दिवसांत पिकतात असं थिओफ्रास्टसनं लिहून ठेवलं. चीर पडली की फळ इथिलीन सोडतं, हे कळायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं.

आता तुमच्या फायकसकडे येऊ. आजच्या नळाच्या गॅसवर आळ घेऊ नका. तो मुख्यतः मिथेन असतो. रोपवाटिकेच्या उजेडातून झाड अंधाऱ्या हॉलमध्ये आलं, की ते हिशेब करतं. इतकी पानं पोसण्याएवढा उजेड इथे नाही. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर सैल पडतो आणि पान सुटतं. या कामातही इथिलीनचा हात असतो. म्हणून गळलेलं पान उचलून पाहावं. हिरवंच गळलं आणि झाड नुकतंच हलवलं असेल, तर उजेड कमी पडला. खालची पानं पिवळी, मऊ होत असतील तर बोट मातीत खुपसा. चिखल लागला म्हणजे मुळं गुदमरली आहेत. अशा वेळी माया म्हणून आणखी पाणी घालणारे लोक मी पुष्कळ पाहिले. कडा तपकिरी, कुरकुरीत असतील तर हवा कोरडी, पाणी अपुरं किंवा खताचे क्षार साचलेले. एकाच बाजूची पानं गेली तर त्या बाजूला एसीचा झोत आहे का ते बघा. पानाला चिकटा असेल तर मागच्या शिरेवर खवले कीड शोधा. फवारणीचा प्रश्न खरं तर फक्त इथेच येतो.

आणि ज्या खोलीत झाड उजेडावाचून पानं टाकतं, तिथेच पुष्कळ घरांत आजी दिवसभर टीव्हीसमोर बसलेली असते. झाडाची कुंडी खिडकीशी नेताना तिची खुर्चीही सरकवायला हरकत नाही.

कुंडी एकदा खिडकीशी नेली की मग तिथून हलवू नका. गळती लगेच थांबणार नाही. काही आठवडे धीर धरा. नव्या जागेच्या उजेडाला बेतलेली पानं झाड हळूहळू काढतं.