पाणचक्की

पाण्याच्या प्रवाहावर चालणारे धान्य दळण्याचे ऐतिहासिक यंत्र व त्याभोवतीचा वास्तुसमूह. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे खाम नदीच्या काठी, महमूद दरवाज्यालगत, सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. मराठवाड्यातील नद्या उन्हाळ्यात आटत असल्याने येथील दळण परंपरेने घरच्या जात्यावरच होत असे आणि पाण्यावरची चक्की हा अपवाद होता. तो शक्य झाला नहरीमुळे, म्हणजे दुरून पाणी आणणाऱ्या भूमिगत वाहिनीमुळे. म्हणूनच या स्मारकाचे महत्त्व चक्कीपेक्षा तिच्या जलवाहिनीत अधिक आहे.

नहर : निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये वसवलेल्या खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) या नगरासाठी १६१७ च्या सुमारास नहर-ए-अंबरी बांधली आणि पुढे शहरात अशा अनेक नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर त्याच परंपरेतील असून तिचे पाणी हर्सूल नदीच्या परिसरातून येते. अंतर जुन्या नोंदींत सुमारे आठ किलोमीटर, तर अन्यत्र त्याहून अधिक दिले आहे. जमिनीखालील भाजक्या मातीच्या नळांतून, केवळ उताराच्या आधारे पाणी आणले जाई. बंद नळातील पाणी उगमाच्या पातळीपर्यंत पुन्हा चढते, या तत्त्वाचा उपयोग करून ते चक्कीजवळच्या उंच भिंतीवर नेले असून तेथून ते धबधब्यासारखे कोसळते. पाणी चढवण्यासाठी मोट, रहाट किंवा पंप यांपैकी काहीही लागत नाही, हे विशेष.

चक्की : पडणाऱ्या पाण्याचा जोर आडव्या बसवलेल्या चाकाच्या पात्यांवर येतो आणि चाकाचा उभा दांडा स्थिर असलेल्या खालच्या तळीतून वर जाऊन वरची तळी फिरवतो. मध्ये दातेरी चाके नसल्याने चाकाच्या एका फेऱ्याला तळीचाही एकच फेरा होतो. हिमालयातील घराट (पाणचक्की) याच जातीचे आहे. येथील पीठ दर्ग्यातील फकीर, विद्यार्थी व यात्रेकरू यांच्या अन्नासाठी वापरले जाई.

काळ : जुन्या गॅझेटिअरनुसार निजाम-उल्-मुल्क आसफजाहच्या पदरी असलेल्या तुर्कताजखानाने १६९५ च्या सुमारास हे काम केले आणि जमील बेगखानाने सुमारे वीस वर्षांनी कारंज्यांचा लांबट हौद बांधला. मात्र निजाम-उल्-मुल्क ही पदवी व दख्खनची सुभेदारी आसफजाहला १७१३ मध्ये मिळाली, त्यामुळे हा संबंध आणि ही तारीख यांचा मेळ सहज बसत नाही. काही लेखक १७४४ हे वर्ष देतात. बाबा शाह मुसाफिर यांचे निधन १७१५ च्या सुमारास झाले. त्यांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांनी संकलित केलेल्या ‘मल्फूजात-ए-नक्शबंदिया’ या फार्सी ग्रंथाचे सायमन डिग्बी यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २००१ मध्ये प्रसिद्ध झाले असून तत्कालीन खानकाहच्या (सूफींच्या मठाच्या) जीवनासाठी ते महत्त्वाचे साधन आहे.

हौद : सुमारे १६४ फूट लांब व ३१ फूट रुंद. त्याचा तळ हेच खालच्या खांबयुक्त दालनाचे छत असल्याने ते दालन उन्हाळ्यातही थंड राहते. हौदातून ओसंडणारे पाणी खाम नदीत जाते.

दर्गा : नक्शबंदी पंथाचा; आवारात मशीदही आहे.

सद्यःस्थिती : शहर वाढत गेले तसे नहरींचे नळ अनेक ठिकाणी फुटले, बुजले किंवा बांधकामांखाली गेले. चक्की दर्शनी भागात असल्याने पर्यटकांचे लक्ष तिच्याकडेच जाते आणि जमिनीखालील वाहिनी दुर्लक्षित राहते. वस्तुतः ती बंद पडल्यास चक्की केवळ दगडांची जोडी उरते. आवार वक्फच्या अखत्यारीत असून महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे कार्यालयही येथेच आहे.