नागपुरी संत्र्याची वाटचाल

नाशिकच्या माणसाने संत्र्यावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. आमचा जिल्हा द्राक्षांचा. पण १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली तेव्हापासून तिकडचा माल मुंबईला जाताना आमच्या नाशिक रोडवरून जात आला आहे. दारावरून जाणाऱ्या पाहुण्याची विचारपूस करायला हरकत नसावी.

‘संत्रा’ हा शब्द पोर्तुगालातील सिंत्रा गावावरून आला असे पुष्कळजण सांगतात. मला ते पटत नाही. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील फळांमध्ये ‘संगतरा’ नोंदला आहे, आणि बाबर १५३० साली वारला. इतक्या थोड्या अवधीत पोर्तुगीज नाव आग्र्यापर्यंत जाऊन रुळले असेल, हे कठीणच! नागपुरात मात्र हे झाड बरेच उशिरा आले. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी औरंगाबादेहून रोपे आणवून परसबागेत लावली, असे सांगतात. राजाच्या परसातले झाड पुढे रयतेच्या शेतात गेले आणि काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी, अचलपूर हा सारा टापू संत्र्याचा झाला.

या झाडाची एक गंमत आहे. त्याला पोटभर पाणी देत राहिले तर ते पानेच वाढवीत बसते. म्हणून बागाईतदार त्याचे पाणी तोडतो. याला ‘ताण देणे’ म्हणतात. मे महिन्यात ताण दिला की पावसाबरोबर मृग बहार फुटतो, त्याची फळे फेब्रुवारी-मार्चात येतात. डिसेंबरात ताण दिला तर आंबिया बहार, त्याची फळे दिवाळीनंतर. म्हणजे झाडाला कधी तहानेले ठेवायचे हे माणसाच्या हाती होते. आता ते तितकेसे राहिलेले नाही. ऐन ताणात वळवाचा पाऊस येतो आणि बहार बिघडतो. उलट वरूड-मोर्शीकडे कूपनलिका शेकडो फूट खाली गेल्या, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात उभ्या बागा वाळल्या. हा ताण कोणी दिलेला नव्हता.

दुसरे दुखणे मुळाशीच आहे. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांतून दूरदूर कलमे जातात. कलम बांधतात ते बहुधा जंबेरीच्या खुंटावर. जंबेरी जोमाने वाढते, पण जमिनीतल्या बुरशीला लवकर बळी पडते. मग बुंध्यातून डिंक गळू लागतो. रोगट मातीची पिशवी रोपाबरोबर नव्या शेतात गेली की दुखणेही तिथे वस्तीला जाते.

आणि बाजार? इथे मला आमची द्राक्षे आठवतात. १९९१ साली द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून ‘महाग्रेप्स’ काढली आणि माल युरोपात नेला. २०१० साली तिथे आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचे अंश सापडले तेव्हा चांगलाच फटका बसला, पण त्यातून लोक तपासणी शिकले. संत्रेवाल्यांना संघटना ठाऊक नव्हती असे नाही. ‘नोगा’ हे नाव आपण जॅमच्या बाटलीवर वाचतो; ती नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशनची आद्याक्षरे आहेत, हे किती जणांना माहीत आहे? १९७२ साली तो कारखाना सरकारच्या कृषी उद्योग महामंडळाकडे गेला. आज कित्येक बागाईतदार उभी बागच व्यापाऱ्याला देऊन मोकळे होतात.

सैल सालीचे, बियांचे, फार दिवस न टिकणारे हे फळ परदेशी गेले ते मुख्यतः बांगलादेशात. २०१९ पासून त्या देशाने आयातकर वाढवीत नेला. २०२३ पर्यंत तो चौपटीवर गेला आणि इकडचे भाव पडले. एकाच गिऱ्हाइकावर दुकान चालवण्याचा हा परिणाम. एरवी देशातच पुष्कळ खाणारे आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये पहिली किसान रेल्वे निघाली ती आमच्या देवळालीहून दानापूरला; त्याच वर्षी नागपूरची संत्रीही अशा गाडीने दिल्लीला गेली.

नागपूरला १९८५ पासून लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. निर्जंतुक मातीत वाढवलेले, निवडक झाडाचा डोळा भरलेले कलम घ्या, ते उंच वरंब्यावर लावा, डोळा जमिनीपासून चांगला वर राहू द्या, पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला बोर्डो मलम लावा, असे शास्त्रज्ञ सांगत आले आहेत. असे कलम थोडे महाग पडते. पण संत्र्याची बाग वीस-पंचवीस वर्षांसाठी लावायची असते, आणि कलम घेताना पहिला प्रश्न अजून भावाचाच विचारला जातो.