डॉ. कोटणीस : चित्रपट आणि चरित्र

जुन्नर प्रांताला दूरदेशाचें नवल नाहीं. येथील लेण्यांच्या शिलालेखांत यवन दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत, आणि आज खोडदच्या दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्या अतिदूरच्या आकाशांतील रेडिओलहरी टिपीत आहेत. परंतु परक्या भूमीवर जाऊन तेथील दुःख आपलें मानणें ही गोष्ट निराळी. अशा एका प्रवासाचें चित्र व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या बोलपटांत रंगविलें.

मूळ हकीकत अशी. जपाननें १९३७ सालीं चीनवर स्वारी केली. सेनापति चू तेह यांनीं पंडित नेहरूंकडे साहाय्य मागितलें, आणि राष्ट्रसभेनें पांच डॉक्टर पाठविले : अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, बसू व मुकर्जी. सप्टेंबर १९३८ मध्यें मुंबईहून त्यांनीं प्रयाण केलें. कोटणिसांनीं चिनी भाषा आत्मसात् केली, १९४१ सालीं बेथ्यून रुग्णालयाचें प्रमुखपद स्वीकारलें व क्वो छिंगलान हिच्याशीं विवाह केला. त्यांना एक पुत्र झाला. पण त्याचें बालपण पाहणें पित्याच्या नशिबीं नव्हतें. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अवघ्या बत्तीस वर्षांच्या वयांत, अपस्माराच्या विकारानें कोटणीस निवर्तले.

बोलपटांत स्वतः शांताराम कोटणीस झाले, जयश्री चिनी वधू झाल्या. पडद्यावरील नायक भयंकर साथीशीं झुंजतो, शत्रूच्या तावडींतून निसटतो. प्रेक्षकांस असें साहस रुचतें, यांत दोष नाहीं. तथापि, शरीर केव्हां दगा देईल याचा भरंवसा नसतां जो मनुष्य नित्य जखमींच्या सेवेस उभा राहतो, त्याचें धैर्य कोणत्याही कल्पित प्रसंगाहून उणें आहे काय? इतिहासाला येथें अलंकारांची गरजच नव्हती.

दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. ज्या पुस्तकावरून हा बोलपट झाला, त्या ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ग्रंथाचें नांवच सांगतें कीं, एक जण परत आला नाहीं. जो परत आला नाहीं तो अमर झाला. जे चौघे परत आले त्यांचें काय? तोच समुद्र त्यांनीं ओलांडला, तेच जखमी त्यांनीं हातीं घेतले. चोळकरांचें नांव त्यांच्या नागपुरांत तरी आज कितीजणांच्या ओठीं असेल?

एका नायकावांचून चित्रपटाचें भागत नाहीं. समाजाचें मात्र पांचांवांचून भागूं नये. कोटणिसांचें स्मरण करतांना उरलेल्या चौघांचींही नांवें घेणें, हेंच त्या कहाणीचें खरें उत्तरार्ध होय.