मीठ गेले आणि जमीन वाहिली

१९ मे १८९३ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, नॉर्वेतील व्हेर्दाल खोऱ्यातली शेतजमीन पातळ होऊन वाहू लागली. सुमारे साडेपाच कोटी घनमीटर माती गेली आणि ११६ माणसे दगावली. पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेल्या जमिनीचे असे ताक कसे झाले?

ही माती मूळची समुद्रातली. हिमयुगातील बर्फाच्या ओझ्याने दबलेली भूमी बर्फ वितळल्यावर हळूहळू वर आली आणि खाऱ्या पाण्यात साचलेला गाळ उघडा पडला. त्यातील चपटे कण पत्त्यांच्या बंगल्यासारखे रचलेले असावेत, असे व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी १९२६ मध्ये सुचविले. पण हा बंगला इतका हळवा का? इव्हान रोसेनक्विस्ट यांनी १९४६ मध्ये त्याचे कारण मिठात शोधले. कणांवर ऋण विद्युतभार असतो. खाऱ्या पाण्यातील धन आयनांमुळे कणांमधले अपकर्षण कमी होते व ते एकमेकांना चिकटतात. (मातीच्या गढूळ पाण्यात मीठ टाकून गाळ लवकर बसतो, हे वर्गात सहज दाखविता येईल.) पुढे हजारो वर्षे गोडे पाणी झिरपून मीठ धुतले गेले. रचना तशीच राहिली, बंध मात्र सैल झाले. एकदा ती मोडली की आतल्या पाण्यात मातीचा रस्सा होतो. लाउरित्स ब्येरुम व रोसेनक्विस्ट यांनी खाऱ्या पाण्यात बसविलेला गाळ प्रयोगशाळेत धुऊन १९५६ मध्ये याला पुष्टी दिली.

मात्र मीठ गेले की कोणतीही समुद्री माती वाहते, असे समजू नये. इथे खरा प्रश्न खनिजाचा आहे. नॉर्वेच्या गाळात इलाइट, क्लोराइट आणि हिमनद्यांनी दळलेले खडकांचे पीठ आहे. ही मंडळी पाणी फारसे धरून ठेवत नाहीत. आपल्या काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट उलट वागते. मीठ कमी झाले की ते आणखी पाणी धरून फुगते, वाहत नाही. मुंबईच्या खाड्यांतील चिखलातही हे खनिज आहे. तिथे अभियंत्यांची डोकेदुखी वेगळी असते : भराव वर्षानुवर्षे खचत राहतो.

नॉर्वेत एवढे कळूनही धोका टळलेला नाही. १९७८ मध्ये रिसा येथे गोठा वाढविण्यासाठी खणलेली सुमारे ७०० घनमीटर माती तळ्याकाठी टाकली गेली. तेवढ्या भाराने पन्नास लाखांहून अधिक घनमीटर जमीन तळ्यात उतरली. ३० डिसेंबर २०२० रोजी येर्द्रुम येथे घरांसह जमीन गेली, दहा जण दगावले. चौकशी समितीने कारण दिले ते एका लहानशा ओढ्याने कुरतडलेल्या काठाचे.