कार्ड, वर्ग आणि ड्रायव्हर

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीच्या मदरबोर्डवर जादा कार्डांसाठी पाच स्लॉट होते. बसचा तपशील खुला असल्याने कोणताही उत्पादक त्यात बसणारे कार्ड बनवू शकत होता. कार्ड चालवणारा ड्रायव्हर बाहेरून जोडण्याची सोय डॉसमध्ये १९८३च्या २.० आवृत्तीने आली: कॉन्फिग.सिस फाइलीत एक ओळ लिहिली की संगणक सुरू होतानाच ड्रायव्हर मेमरीत चढे.

तरीही बरेचसे काम हातानेच करावे लागे. कार्डावरचे जंपर हलवून पोर्टचा पत्ता, इंटरप्ट क्रमांक आणि डीएमए चॅनेल ठरवायचे. दोन कार्डांना एकच इंटरप्ट दिला गेला तर एखादे हमखास अडे. १९८९ मध्ये ‘साउंड ब्लास्टर’ हे ध्वनिकार्ड आले. डॉसमध्ये ध्वनीची सामाईक व्यवस्था नसल्याने प्रत्येक गेम थेट कार्डाशीच व्यवहार करी. म्हणून इतर उत्पादकांनी आपली कार्डे साउंड ब्लास्टरबरहुकूम वागतील अशी घडवली. नोवेलच्या एनई२००० नेटवर्क कार्डाचेही तेच झाले. नव्या कार्डाला जुनाच ड्रायव्हर चालण्याची वाट अशा अनुकरणातून रुळली.

१९९२च्या पीसीआय बसने ओळख पटवण्याचे काम कार्डावरच सोपवले. कार्डातल्या २५६ बाइटांच्या कॉन्फिगरेशन जागेत उत्पादकाचा क्रमांक (इंटेलचा ८०८६), उपकरणाचा क्रमांक आणि तीन बाइटांचा वर्ग-संकेत असतो. त्यातला शेवटचा बाइट रजिस्टरांची मांडणी कोणत्या मानकाची आहे, हे सांगतो. २०११ मध्ये ठरलेल्या एनव्हीएमई मानकाचा संकेत ०१-०८-०२ आहे. तो दिसला की कंपनी कोणतीही असो, एसएसडी एकाच ड्रायव्हरवर चालते.

इथरनेट कार्डांचा वर्गही ठरलेला आहे, ०२-००. पण त्यांच्या रजिस्टरांचे सर्वमान्य मानक नाही. म्हणून चिपच्या कुळागणिक वेगळा ड्रायव्हर लागतो. ग्राफिक्स कार्डांचे तेच: व्हीजीए मानकापुरते सामाईक ड्रायव्हरने भागते, वेगवान त्रिमितीय चित्रणासाठी स्वतंत्र ड्रायव्हरच हवा. प्रयोगशाळेतल्या मोजमाप कार्डांना मधला मार्ग मिळाला. लिनक्सच्या २००७ मधल्या यूआयओ सोयीमुळे कर्नलमध्ये छोटासा भाग ठेवून बाकीचा ड्रायव्हर साध्या प्रोग्रामसारखा लिहिता येतो.

कर्नलमधल्या ड्रायव्हरची एक चूक सबंध यंत्रणा बंद पाडू शकते आणि कर्नल बदलला की तो पुन्हा तपासावा लागतो. म्हणून आधी वर्ग-संकेत पाहावा, मग त्या चिपचा ड्रायव्हर आधीच आहे का ते शोधावे, नंतर यूआयओसारखी सोय पुरते का ते तपासावे. या तिन्हींतून काम भागत नसेल तरच कर्नलमध्ये नवा ड्रायव्हर लिहिणे योग्य ठरते.