देहूरोड ते खंडाळा: चाळीस किलोमीटर, तीन दिवस

आई आणि बाबा दोघंही २०२६ साली साठ वर्षांचे होतायत. बाबा नोव्हेंबरात, आई डिसेंबरात. साठीला आपल्याकडे षष्ट्यब्दी म्हणतात आणि तिच्यामागचं गणित मला भारी आवडतं. पंचांगात प्रभवपासून सुरू होणारी साठ संवत्सरं असतात. तुम्ही ज्या संवत्सरात जन्मलात ते साठ वर्षांनी पुन्हा येतं, म्हणजे काउंटर फिरून परत शून्यावर! मी हौसेने पंचांग उघडलं. शके १८८८, म्हणजे १९६६-६७: पराभव नाम संवत्सर. शके १९४८, म्हणजे २०२६-२७: अर्थातच पुन्हा पराभव.

"छान. साठ वर्षांत काही फरक नाही म्हणजे," इति आई.

होमहवन नको यावर दोघांचं एकमत. (त्यांचं एकमत हीच मुळात षष्ट्यब्दीएवढी दुर्मीळ घटना.) मग ठरलं, गाडी काढून तीन दिवस कुठेतरी जायचं. प्रश्न राहिला कधी आणि कुठे.

'कधी'साठी मी सवयीप्रमाणे एक्सेल शीट केली. १५ ऑगस्ट शनिवारी, म्हणजे आमच्यासारख्यांची बुडालेली सुट्टी. २ ऑक्टोबर शुक्रवारी, एकदम झकास... पण तो पितृपक्षात. "वाढदिवस करायचाय की श्राद्ध?" असं विचारून आईने ती ओळ खोडली. २५ डिसेंबर शुक्रवारी. तोवर दोघांचेही वाढदिवस होऊन गेलेले. ठरलं.

जाता जाता, या रविवाराबद्दल. तो आपल्याला आयता मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्याने मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली, सहा-सात वर्षं मागणी लावून धरली, तेव्हा कुठे १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आणि आपली लाडकी डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली ती रोजची गाडी म्हणून नाही, फक्त वीकेंडला धावणारी म्हणून! तेव्हा या घाटातून शनिवार-रविवारी मजा करायला जाणं ही काही आयटीवाल्यांनी काढलेली टूम नाही.

आता 'कुठे'. मी महाबळेश्वर म्हटलं, बायको दिवेआगर म्हणाली. बाबा काहीच बोलले नाहीत. आई म्हणाली, "मला इथंच फिरव."

इथंच म्हणजे देहूरोडला. बाबांची अख्खी नोकरी इथल्या डेपोत गेली. नोव्हेंबरअखेर ते रिटायर होणार, मग काही महिन्यांत क्वार्टर सोडायचं आणि दोघं वाकडला आमच्याकडे येणार. तेहतीस वर्षं आईने ओट्याशी उभं राहून हायवेचा आवाज ऐकला. सगळं पुणं शनिवारी लोणावळ्याला निघतं ते आमच्या दारावरून. आम्ही मात्र लोणावळ्याला गेलो ते पाहुणे आले की, चिक्की घेऊन संध्याकाळी परत. त्या रस्त्यावर आपल्यासाठी म्हणून असं आईबाबा कधी गेलेच नाहीत.

तेव्हा प्लॅन असा: एक्स्प्रेसवेला हात लावायचा नाही. जुन्या हायवेने देहूरोड ते खंडाळा, जेमतेम चाळीस किलोमीटर, तीन दिवसांत. ऐकून ऑफिसमधले हसले. वाचत बसलो तसा मला मात्र तीन दिवस कमी वाटायला लागले.

सुरुवात घरापासूनच. देहूरोड हे नाव मुळात रेल्वेचं. गाव स्टेशनपासून लांब असलं की रेल्वेवाले पुढे 'रोड' लावायचे, म्हणजे 'देहूला जायचं तर इथं उतरा'. देहू तुकोबांचं, आपलं फक्त रोड. :-) पण या नुसत्या 'रोड'वर २५ डिसेंबर १९५४ ला डॉ. आंबेडकर आले आणि त्यांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरचं धर्मांतर १४ ऑक्टोबर १९५६ चं, म्हणजे त्याच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. त्या दिवशीच्या भाषणात त्यांनी पंढरपूरचा विठोबा म्हणजे मूळचा बुद्धच असं मत मांडलं. तेही तुकोबांच्या गावापासून काही किलोमीटरवर! पटो न पटो, जागेची निवड बघा. आमचा पहिला दिवस नेमका २५ डिसेंबर. तिथे गर्दी असणार, म्हणून सकाळी लवकर चालतच जाऊन यायचं, गाडी नंतर काढायची.

मग घोरावडेश्वर. पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना देहूरोड सोडलं की दिसणारा डोंगर. भंडारा, भामचंद्र आणि हा, असे तुकोबांच्या नावाशी जोडलेले तीन डोंगर. महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते आणि आईने ती कधी चुकवलेली नाही. पण महादेव ज्या लेण्यांत आहे त्या लेणी बौद्ध आहेत. अभ्यासक त्यांना शेलारवाडीची लेणी म्हणतात. इथल्या एका शिलालेखापाशी मी अडकलो.

लेख प्राकृतात, साधारण अठराशे वर्षांपूर्वीचा. त्यात म्हटलंय की हे लेणं सियगुतणिका नावाच्या बाईचं दान आहे. ती धेनुकाकट गावी राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगरधारी शेतकऱ्याची बायको, आणि दानात तिचा मुलगा नंदही सामील आहे. बस, एवढंच. राजा नाही, सेनापती नाही. एका शेतकऱ्याच्या बायकोने डोंगरात खोली कोरून घेतली आणि आपलं, नवऱ्याचं, मुलाचं नाव लिहून ठेवलं.

आणखी गंमत पुढे आहे. लेखात नवऱ्याला 'कुडुबिक' म्हटलंय आणि बायकोला 'कुडुबिणी'. म्हणजे कुटुंबी आणि कुटुंबिनी. कुणबी हा शब्दही बरेच अभ्यासक इथूनच काढतात. मी हे वाचून दाखवलं तेव्हा बाबा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "मग आम्ही वेगळं काय म्हणतो?" खरंच की! फोनवर आईचा विषय निघाला की ते अजून "आमचं कुटुंब" म्हणतात. मी आजवर हे जुन्या मराठी सिनेमाचं वळण समजत होतो.

आईचा प्रश्न वेगळा होता. "पैसे तिचे होते का?" लेखावरून एवढंच दिसतं की देणारी ती आहे, उसभणकाचं नाव तिची ओळख म्हणून आलंय. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इतकी वर्षं तिच्या घरात जाऊन नारळ फोडतेय मी."

वडगावला थांबायचं ते थोडकंच. जानेवारी १७७९ मध्ये राघोबादादाला पेशवा करायला निघालेली इंग्रज फौज घाट चढून आली. बरोबर तोफा आणि हजारो बैल, वेग दिवसाला जेमतेम एक-दोन मैल. (लाँग वीकेंडला खंडाळा बोगद्याजवळ अडकलेल्यांनी हा आकडा वाचून धीर धरावा.) कार्ल्याला त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट, आपला 'इष्टुर फाकडा', मारला गेला. फौज तळेगावापर्यंत पोचली तोवर मराठ्यांनी पुढचा मुलूख जाळून ठेवलेला. माघारी फिरताना महादजी शिंद्यांनी वडगावला कोंडलं आणि तह लिहून घेतला. शत्रू असूनही फाकड्याचं स्मारक वडगावात लोकांनी जपलंय. बाबांना लढाया आवडतात, हा थांबा त्यांचा.

दुसरा दिवस कार्ल्याचा. एकवीरेला आम्ही असंख्य वेळा गेलोय. रांग, ओटी, प्रसाद, की उतरा खाली. देवळाला अक्षरशः खेटून असलेला चैत्य बघायला दरवेळी "पुढच्या वेळी". या वेळी उलटं करायचं, आधी चैत्य. आईच्या गुडघ्यांचा विचार करून गाडी शक्य तितकी वरपर्यंत न्यायची आणि उरलेल्या पायऱ्या सकाळच्या उन्हात, बसत बसत.

चैत्याच्या दर्शनी भिंतीवर दारांच्या बाजूला पुरुषभर उंचीची दांपत्यं कोरलेली आहेत. आत खांबांच्या माथ्यावर हत्तींवर बसलेल्या जोड्या आहेत. छताच्या लाकडी कमानी तर जवळपास दोन हजार वर्षं जुन्या, मूळच्या. देणगीदारांची यादी म्हणजे आजच्या सोसायटीच्या वर्गणीचा बोर्डच: वैजयंतीचा शेठ भूतपाल, एक अत्तरवाला, दार घडवणारा सुतार, आणि खांबांवर कितीतरी यवन. त्यातले बरेचजण धेनुकाकटचे, म्हणजे आमच्या सियगुतणिकेच्या गावचे! हे गाव नक्की कुठलं यावर विद्वान अजून भांडतायत. मला सगळ्यात आवडला तो भदसम नावाच्या भिक्षूचा लेख. त्याने दान दिलंय एक 'मिथुन', म्हणजे जोडप्याचं शिल्प. स्वतः संसार सोडलेला माणूस, आणि देऊन देऊन काय दिलं तर नवरा-बायको! त्या भिंतीपाशी दोघांचा फोटो काढायचा बेत आहे. बाबा लाजणार, हे धरूनच चाललोय.

तिसऱ्या दिवशी खंडाळा. गाड्या चालतील असा बोरघाटाचा रस्ता गव्हर्नर माल्कमने १० नोव्हेंबर १८३० ला खुला केला. त्याच वेळचा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला, तो आता फक्त बाबांच्या जुन्या फोटोत. पण मला तिथे सांगायचीय ती रेल्वेची गोष्ट.

घाटातल्या लोहमार्गाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं. चढ असा की ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. आजही गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. पंचवीस बोगदे. पहिला ठेकेदार फॅविएल. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगल केली आणि दोनेक महिन्यांत त्याने काम सोडलं. मग आला सॉलोमन ट्रेडवेल, बायको ॲलिसला घेऊन. घाटात पाऊल ठेवल्यावर काही आठवड्यांतच तो आजारी पडून मेला. परका देश, मागे एवढा मोठा ठेका. बाई पहिल्या बोटीने परत जाईल असंच कुणालाही वाटलं असतं. ॲलिसने ठेका स्वतःकडे घेतला, ॲडमसन आणि क्लाउझर या दोन अनुभवी इंजिनीअरांना कामावर नेमलं आणि १८६३ मध्ये घाट पूर्ण करून दिला. आज घाटातून जाताना आपल्याला रिव्हर्सिंग स्टेशन कुठे होतं ते दाखवणारे भेटतात (ते १९२९ च्या सुमारास बंद झालं), ॲलिसचं नाव घेणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही.

आणि तिचंही नाव निदान कागदांत आहे. १८६१ मध्ये या घाटात एका वेळी बेचाळीस हजारांवर माणसं राबत होती. त्यांत नवरा-बायको जोडीने काम करणारेही होते, तो सुरुंग लावायचा, ती पाटी उचलायची. पटकी आणि तापाने हजारो गेले. कार्ल्याच्या सुताराचं नाव दोन हजार वर्षं टिकलं. यांतल्या एकाचंही मला कुठे सापडलं नाही, अजून शोधतोय. रेल्वेच्या अहवालांत 'मजूर' या शब्दापुढे फक्त आकडे येतात. कुणाकडे मावळातल्या घराण्यात "आमचे खापरपणजोबा घाटाच्या कामावर होते" अशी काही आठवण असेल तर जरूर सांगा, तिसऱ्या दिवशी त्या वाटेने गाडी वळवू.

हॉटेल एका रात्रीचं कार्ल्याजवळ आणि एका रात्रीचं खंडाळ्यात, दोन्ही बुक झालीत. रविवारी जेवून दोनच्या आत निघायचं, नाहीतर परतीची गर्दी लागते. बाबांची एकच अट आहे: घोरावडेश्वराच्या पायथ्याशी गाडी लावली की वर ते आणि आई दोघंच जाणार. आम्ही खाली चहाच्या टपरीवर थांबायचं.